रेकॉर्डवरच्या बाईचं भाषांतर

पस्तीस वर्षं मी लातूर जिल्ह्यातल्या शाळांमधून इंग्रजी शिकवलं. देवणीला रुजू झालो आणि लातूर शहरात निवृत्त झालो. पोरांच्या भाषांतरातल्या चुकांखाली मारलेल्या लाल रेघा एकापुढे एक ठेवल्या, तर नांदेडपर्यंत सहज पोचतील. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषांतर मी स्वतः केलं. निवृत्तीनंतर, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, आणि तेही एकाच वाक्याचं. त्याची शिक्षा माझ्या साडूंना झाली, ती अजून चालू आहे. म्हणून हे लिहायला बसलो. इतकी वर्षं लपवलेलं सांगून टाकायचं ठरवलं की या वयातही शाळा बुडवून पळाल्यासारखं वाटतं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेतून निवृत्त, राहायला नांदेडला. बायको थोरलीला अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणतो. दोघी बहिणींकडे साधे बटणांचे फोन आणि दोघींचा एकच नेम: दुपारी भांडी आवरली की एकमेकींना फोन. प्लॅन अनलिमिटेड, त्यामुळे बोलणंही अनलिमिटेड. आज भाजी काय केली, काल काय केली होती, उद्या काय करायचा विचार आहे. लातूरला ढग आले की नांदेडला आले का, हे विचारायचं. आले नसतील तर येईपर्यंत फोन चालू. शिवाय बायकोचा ठाम समज, की नांदेड लांब आहे तर आवाजही तेवढा मोठा काढायला हवा.

त्याच वेळेला मला झोप लागायची. म्हणजे लागायला हवी होती.

एकदा तिच्या फोनचं रिचार्ज मारायला दुकानात गेलो. आमच्या भागात शिकवणीचे वर्ग फार, त्यामुळे दुकानात सगळी गर्दी नेट भरणाऱ्या पोरापोरींची. मी आपला कडेला उभा राहून भिंतीवरचे कागद वाचत होतो. त्यात एक स्वस्तातला प्लॅन दिसला.

"हा कसला हो?" मी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "तो तुमच्या कामाचा न्हाई गुरुजी. इनकमिंग चालू ऱ्हातं, पण आउटगोइंगला ठरलेली मिनिटं. संपली की संपली. ज्यांना कुणाला फोन लावायचाच न्हाई, त्यांच्यासाठी हाय."

मला त्या कागदाच्या जागी एकदम गादी-उशी दिसू लागली. पेन्शन व्यवस्थित होती, काटकसरीची काही गरज नव्हती, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मला झोप हवी होती. मी तोच प्लॅन मारला आणि बाहेर आलो. मग लक्षात आलं की इनकमिंग चालू राहणार, म्हणजे इकडून बंद झालं तरी तिकडून अक्का फोन करणारच. तिथेच रस्त्यात उभं राहून मी साडूंना फोन लावला.

"साडूभाऊ, दुपारी झोप लागते का?"

"कशाची झोप मास्तर! घराचा फलाट झालाय. गाडी येती, गाडी जाती, अनाउन्समेंट काही थांबत न्हाई."

मी योजना सांगितली. ते घाबरले. "नको मास्तर. कळलं तर दोघी मिळून आपल्याला घराबाहेर काढतेन."

"अठ्ठावीस दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. "बघू तर." मी पुष्कळ गळ घातली. झोपेमुळे रक्तदाब कसा उतरतो, यावर छोटंसं व्याख्यानही दिलं. शेवटी ते अक्काच्या फोनला तोच प्लॅन मारायला तयार झाले. तेव्हा कल्पना माझी, आग्रह माझा, व्याख्यान माझं.

चौथ्या दिवशी दोन्हीकडची मिनिटं संपली. बायकोनं नेहमीप्रमाणे पदराला हात पुसून फोन लावला आणि स्पीकरवरून एक बाई इंग्रजीत बोलू लागली. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं: या कॉलसाठी तुमच्या फोनमध्ये पुरेशी रक्कम नाही. बायको माझ्याकडे वळली.

"अहो, काय म्हणून राहिली ही?"

त्या बाईनं इंग्रजी संपवून श्वास घेतला. आता ती हिंदीत सुरू होणार आणि हिंदी बायकोला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी पुढे होऊन लाल बटण दाबलं.

"ती म्हणते, समोरचा फोन बिझी आहे."

झालं एवढंच. नांदेडला त्याच दुपारी साडूंवर तोच प्रसंग आला. त्यांनी सांगितलं, "स्विच ऑफ हाय."

पहिले काही दिवस आम्ही दोघं आनंदानं वेडे झालो होतो. दुपारी गाढ झोपायचं आणि संध्याकाळी आपापल्या गावात फिरायला निघून एकमेकांना फोन करायचा. आमचे स्वतःचे फोन अर्थात अनलिमिटेडच होते. मी इकडे मैदानाला फेऱ्या मारतोय, ते तिकडे गोदावरीच्या काठानं चालतायत आणि दोघं हसून हसून बेजार. एवढ्या वर्षांच्या नात्यात आम्ही जेवढं बोललो नव्हतो, तेवढं त्या महिन्यात बोललो.

पण घरात वेगळंच चाललं होतं. रोज बिझी म्हणजे काय? बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "ह्या टायमाला कुणाशी बोलती ओ अक्का? तिच्या विहिणीशीच बोलत असंल. आता माझी काय गरज?" मी माझ्या फोनवरून लावून देण्याचं नाटक करायला गेलो, तर म्हणाली, "कशाला? बिझी हाय ना, तर ऱ्हाऊ द्या बिझी." तिकडे अक्काला वाटत होतं की धाकटी मुद्दाम फोन बंद करून ठेवते. दरवर्षी बायको येसर, म्हणजे आमटीचं भाजक्या मसाल्याचं पीठ, करते तेव्हा अर्धं डब्यात भरून नांदेडला जातं. त्या वर्षी तिनं येसर केलं ते आमच्यापुरतंच. रिकामा डबा तिनं धुऊन, पुसून फळीवर उपडा घातला. मी ते पाहिलं. एक शब्द बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. मी बोललो नाही, जाऊन झोपलो.

चौथ्या आठवड्यात अहमदपूरला नात्यातलं लग्न होतं. दोघीही जायला तयार नव्हत्या, दोघींनाही आम्हीच ढकलून नेलं. मंडपात त्या पाठीला पाठ लावून बसल्या, मध्ये दोन खुर्च्यांचं अंतर. त्यांची मामी दोघींना समजावत होती. बायको उसळून म्हणाली, "मी खोटं बोलून राहिले का मामी? थांबा, आता तुमच्यासमोर लावते. हिथं बसून कुणाशी बिझी हाय ते बघू!" आणि तिनं स्पीकर चालू करून फोन लावला.

मी त्या वेळी जिलेबीची ताटली घेऊन येत होतो. हातातली जिलेबी, पुढे बसलेली माणसं, मधल्या खुर्च्या. लाल बटणापर्यंत काही पोचता आलं नाही. बाईनं इंग्रजी पूर्ण केलं, मग हिंदी सुरू झालं. बॅलन्स पुरेसा नाही, रिचार्ज करा. बँडवाले नेमके तेव्हाच थांबले होते. सगळ्या मंडपानं ऐकलं. अक्कानं झटकन आपला फोन काढून लावला. त्यातूनही तीच बाई.

दोघी बहिणी एकमेकींकडे वळल्या. महिनाभरानंतर त्या पहिल्यांदा एकमेकींशी जे बोलल्या ते असं: अक्का म्हणाली, "कुठं हायेत गं दोघं?"

साडू हात धुवायच्या नळाजवळ सापडले. मीही ताटलीसकट तिथेच उभा. अक्कानं विचारलं, "कुणी केलं हे?" साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जिलेबीकडे पाहिलं.

"मी," साडू म्हणाले. "दोन्ही नंबरचं रिचार्ज मीच मारलं, नांदेडातून. मास्तरला काईच माहीत न्हाई."

"मंग हे बिझी कसं म्हणले?" बायकोनं विचारलं.

साडूंनी आधी नळ बंद केला. मग म्हणाले, "त्यांना हल्ली कमी ऐकू येतंय. सांगायला लाजतेत. अंदाजानं सांगितलं असंल बिचाऱ्यानं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी कानामागे हात नेला आणि म्हणालो, "काय म्हणताय?"

त्या दिवसापासून मी बहिरा झालो. म्हणजे घरापुरता. बायको माझ्याशी ओरडून बोलू लागली आणि माझ्याविषयी हळू बोलू लागली. अनलिमिटेड प्लॅन पुन्हा सुरू झाला, रोज दुपारी माझ्याच खाटेशेजारी बसून ती अक्काला माझ्या तक्रारी सांगायची. माझं घोरणं, माझा हट्टीपणा, तिच्या माहेरच्या माणसांपुढे मी मारलेल्या फुशारक्या. मी डोळे मिटून सगळं ऐकायचो. झोप कुठली!

आणि साडू झाले 'स्विच ऑफ काका'. लग्न असो, बारसं असो, मुंज असो, कुणीतरी विचारणारच: "काका, आज जेवण अनलिमिटेड का मिनिटं मोजून?" मंडप हसायचा, साडूही हसायचे. मला मात्र तिथे बसवत नसे. हळूहळू मी त्यांच्या पंगतीत बसणं टाळू लागलो. त्यांचा फोन आला की तसाच बायकोच्या हातात देऊ लागलो, नाहीतरी मला ऐकू येत नव्हतंच. आमच्या संध्याकाळच्या गप्पा संपल्या. असं करता करता पाच वर्षं गेली.

गेल्या महिन्यात अक्काच्या नातीचं लग्न झालं. नवा जावई, आयटीतला, आमच्या नात्यात येऊन चार दिवस झालेले. तो नमस्काराला वाकला आणि उठताना म्हणाला, "तुम्हीच ना ते स्विच ऑफ काका?" साडू हसले खरे, पण हसताना त्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत ते खाली बघून हसलेले मी पाहिले नव्हते. ज्या पोरानं तो मंडपसुद्धा पाहिला नाही, त्याच्यापर्यंत माझं पाप त्यांच्या नावानं पोचलं होतं.

लातूरला परतल्यावर एका दुपारी बायकोचा अक्काला फोन नुकताच लागला होता. मी खाटेवर उठून बसलो.

"स्पीकर लाव."

"कामून?" ती ओरडली.

"लाव तरी. आणि साडूंनाही बोलवायला सांग."

मग मी एका दमात सगळं सांगितलं. दुकानातला कागद, माझा फोन, माझं व्याख्यान, बाई काय म्हणाली होती आणि मी काय सांगितलं. सांगता सांगता मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. मग अक्का म्हणाली, "मास्तर, तुम्ही? इंग्रजी शिकवणारा माणूस?"

बायको मात्र दुसऱ्याच विचारात होती. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्हाला ऐकू येतंय?"

"येतंय."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"सगळं?"

"घोरण्याचं पण," मी म्हणालो.

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अक्का," ती फोनमध्ये किंचाळली, "आपलं सगळं ऐकलंय गं ह्यांनी!" आणि नांदेडला अक्का जी हसायला लागली, ती थांबेचना. तिचं ऐकून बायको हसली, मीही. शेवटी साडूंनी फोन हातात घेतला तेव्हा आम्ही सगळे दमलो होतो.

"मास्तर, कुणी सांगितलं होतं हे उकरायला?"

"राहवेना साडूभाऊ. तुमचं नाव खराब झालं."

"नावाचं काही न्हाई ओ. पण तुम्ही माझ्याशी बोलायचंच सोडलंत. मी एवढं अंगावर घेतलं, ते ह्यासाठी का? मला वाटायचं, माझ्यामुळं तुमची बहिरा म्हणून बदनामी झाली, त्यामुळं तुम्ही रागावलात."

एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. "राग कसला," मी म्हणालो. "लाज वाटायची. तुमचा आवाज ऐकला की लाज वाटायची."

"येडे हायेत का तुम्ही," ते म्हणाले. "उद्याच्या पहिल्या गाडीनं या."

आम्ही दोघं गेलो. लातूर ते नांदेड बायको एस.टी.त अखंड बोलत होती. पाच वर्षांचं माझ्याविषयीचं गाऱ्हाणं आता ती मलाच सांगत होती, मोठ्या आवाजात. पुढच्या सीटवरच्या बायका मागे वळून माना डोलावत होत्या.

नांदेडच्या स्टँडवर साडू उभे होते, सोबत गाडी घेऊन आलेला नवा जावई. मी खाली उतरलो, पिशवी ठेवली आणि तिथेच, भर गर्दीत, जावयाला सांगितलं, "जावईबापू, तुमची माहिती चुकीची आहे. ते प्लॅन बदलण्याचं डोकं यांचं नव्हतं, माझं होतं. यापुढे काय म्हणायचं ते मला म्हणा."

जावई गोंधळून दोघांकडे पाहू लागला. साडूंनी माझी पिशवी उचलली.

"असं कसं?" ते म्हणाले. "पाच वर्षं मी सांभाळलंय ते नाव. असं मागितल्यावर देतो का मी! तुम्हाला दुसरं बघू काहीतरी, चला."