अर्धा कोयता

आमच्या मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर येणारे विद्यार्थी म्हणजे कोणी दोन लेकरांची आई, कोणी मेंढरं वळणारा, कोणी गेवराईच्या धाब्यावर भाकरी थापणारी. पदवीनंतर त्यांना नोकरीला लावायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे कोणी दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं. पदवी भिंतीला टांगून कुणाचं पोट भरलंय?

त्यात शिरूर कासारकडची एक बाई होती. पस्तिशीतली, दरसाल ऊसतोडीला जाणारी. हंगामभर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायची, तिथंच पुस्तकं वाचायची आणि उन्हाळ्यात परत येऊन परीक्षा द्यायची. असं करत करत बीए झाली. नोकरी कशाला हवी, असं मी विचारलं तर म्हणाली, "माझी पोरगी दहावीला हाय, मॅडम. तिच्या हातात कोयता द्यायचा न्हाई मला. बास."

तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी बीडजवळ एक वसतिगृह निघालं होतं. त्यांना पदवीधर अधीक्षिका हवी होती. मुलाखतीची तयारी करताना ही सारखी म्हणायची, "अनुभव इचारला तर काय सांगू? मी तर नुसता ऊस तोडलाय." मी भडकले. "नुसता? तेच सांगा! त्या लेकरांचं दुखणं तुमच्याएवढं कुणाला ठाऊक आहे?" तिनं तेच सांगितलं आणि तिथल्या तिथं निवड झाली. बाहेर येऊन माझा हात धरून रडली. मीही रडले. कपिलधारच्या गाडीसाठी थांबलेली माणसं आमच्याकडे बघत होती.

पण आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याला मुकादम हिंग लावूनही विचारत नाही. हिच्या नवऱ्यानं उन्हाळ्यातच पुऱ्या कोयत्याचा शब्द देऊन ठेवलेला.

मी त्याच्या घरी जाऊन त्याला नाही नाही ते बोलले. बिचारा खाली मान घालून ऐकत होता. "मी तरी काय करू, मॅडम? एकट्याला टोळीत घेईनात. अन् इथं काम कुठं हाय?"

"दुसरं कुणी बघा. काहीही करा, पण हिला सोडा," मी म्हणाले. तो "बघतो" म्हणाला.

दसऱ्यानंतर ती कामावर रुजू झाली. दिवाळी झाल्यावर मी पेढे घेऊन वसतिगृहावर गेले. लेकरांची पंगत बसली होती आणि ती भाजी वाढत होती. मी सहज विचारलं, "तुमची पोरगी दिसत नाही?"

"बापासंगं गेली. कोयता पुरा कराया."

माझं डोकंच फिरलं. "अहो, वसतिगृह तुमच्या हातात! तिला इथं ठेवायची ना! का जाऊ दिली?"

"ठेवलीच हुती. पण मुकादम रोज दारात येऊन बसाया लागला. मी म्हणलं, मीच जाते. तर पोरगी म्हणली, आई, तू नोकरी सोडलीस तर पुढं आपण दोघी बी उसातच." तिनं भाजीची बादली खाली ठेवली. "इथं तिची गादी तशीच हाय, मॅडम. पण उसात माझी जागा मोकळी पडलती."

पेढ्यांचा पुडा हातातच राहिला. आपण हिला नोकरी लावली की हिच्या पोरीला, हे मला कळेना, आणि स्वतःचाच इतका संताप आला की तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पोरगीच होती. मोळी सारखी सुटतेय, म्हणून रडत होती, मला लांबून ऐकू येत होतं.

"रडू नको, बाय. आधी वाढ्याला पीळ दे," ही म्हणाली. फोन खांद्यानं कानाशी दाबून दोन्ही हातांनी हवेत पीळ देत होती. पंगतीतली लेकरं जेवायची थांबून तिच्या हातांकडे बघायला लागली.

"दिला पीळ? आता मोळीवर गुडघा दाब. अन् आवळ. अजून आवळ."