वहिनीचा डबा माझ्याकडेच राहिला

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या कोकणातली रीत. घरात काही नसलं तर मूठभर साखर घालतात, चार आमसुलं टाकतात. मला हे कुणी शिकवलं नाही, आणि जिला मी वहिनी म्हणायचे त्या शेजारणीलाही ते मी शिकवलं नाही. मी रत्नागिरीकडची मुसलमान, ती पुण्याची ब्राह्मण, आणि आमची गाठ पडली ती पार सौदीत, अल खोबरच्या एका इमारतीत. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तो उन्हाळा होता.

आमचे हे खफजीला कामाला होते, समुद्रातल्या तेलाच्या कामावर. खफजी म्हणजे अगदी कुवेतच्या वेशीवर. तिथं बायकामुलांना ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून ह्यांनी मला, दोन मुलींना आणि सासूबाईंना खोबरला आणून तळमजल्यावर भाड्यानं ठेवलं, आणि स्वतः परत गेले. जुम्म्याला यायचे.

पहिल्याच दिवशी मी जिन्यात धाकटीवर ओरडले, "अगो, चपला घाल, पाय भाजतील!" वरून धाडधाड पावलं वाजली. एक गोरी, ठेंगणी बाई पीठभरल्या हातानं खाली आली आणि म्हणाली, "भाभी, तुम्ही मराठी?" जणू माहेरचं माणूस भेटलं तिला. तिचा नवरा एका तेलकंपनीत इंजिनिअर होता. संध्याकाळी तिनं स्टीलच्या डब्यातून शिरा पाठवला. मी दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं भरून दिली. डबाबंद आंब्याच्या रसाची होती, पण मऊसूत झाली होती. "नव्या भांड्यात केलीत हो, तुमच्या सोवळ्याला काही व्हायचं नाही," असं मी सांगायला लागले, तर बाईनं दारातच एक तोंडात टाकलं. "गप बसा हो भाभी, गरम आहेत तोवर खाऊ दे!"

मग तो डबा जिन्यात चढत-उतरत राहिला. अहो-जाहो कधी गळून पडलं कळलंही नाही. कुणी कुणाचं जास्त खाल्लं, हे बघायला सवड कुणाला होती?

जानेवारीत अमेरिका आणि तिचे दोस्त देश उतरले, लढाईला तोंड फुटलं आणि सायरन वाजायला लागले. इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांतून विषारी गॅस येणार, अशी भीती सगळ्यांच्या पोटात. घरातली एक खोली प्लास्टिक आणि टेप लावून बंद करा, दाराखाली ओलं फडकं ठेवा, असं सरकारनं सांगितलेलं. गॅस खाली साचतो म्हणे, त्यामुळे तळमजला बाद. वहिनीच्या घरातली आतली खोली ठरली. इमारतीतली आम्ही तीन मराठी घरं तिथं जमणार होतो: आम्ही, वहिनी, आणि तिच्या समोरच राहणारे नाशिकचे अकाउंटंट न् त्यांची बायको.

मगरिबच्या नमाजानंतर, दिवेलागणीला, वहिनीच्या हॉलमध्ये बैठक बसली. रेडिओ लावलेला होता. येणारं क्षेपणास्त्र हवेतच फोडायचं तर दुसरं क्षेपणास्त्र उडवावं लागतं, आणि ते भलतं महाग. त्या खर्चात कुठल्या दोस्त देशानं किती घालायचं, यावर आमच्या पुरुषांची जुंपली.

"जपाननं शिपाई पाठवला नाही, नुसता पैसा पाठवला," अकाउंटंट म्हणाले. "मग तो दोस्त की गिऱ्हाईक?"

"ज्याच्या डोक्यावर पडणार त्यानं जास्त द्यावं," वहिनीचा नवरा म्हणाला. सगळे हसले. मीसुद्धा हसले.

हसत हसतच ते आमच्या खोलीच्या खर्चावर आले. प्लास्टिक, टेप, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, बॅटरीचे सेल. "माणशी काढू," अकाउंटंट म्हणाले, "सरळ हिशेब." सरळच होता. इमारतीत सगळ्यात जास्त माणसं आमच्या घरात होती, आणि खफजीचं काम बंद पडल्यानं आमचे हे त्याच आठवड्यात घरी आले होते, पगाराविना. कफील, म्हणजे ह्यांचा तिथला मालक, रोज म्हणायचा, बुकरा. उद्या. तो उद्या काही उजाडत नव्हता. हे आपल्या पायांकडे बघत बसले. वर्गणीच्या वेळी कधी मागं न राहिलेला माणूस!

वहिनीच्या नवऱ्याच्या ते लक्षात आलं. माणूस सोन्यासारखा. तो हळूच म्हणाला, "ह्यांचं राहू द्या. आम्ही दोन घरं बघून घेतो." आणि स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "हो गं भाभी, राहू दे. असल्या वेळी कसला हिशेब!"

माझ्या कानशिलांत जाळ झाला. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण तोवर आम्ही शेजारी होतो, आणि त्या घटकेला आम्ही गरीब झालो.

"पैसे नसले तरी हात आहेत आमचे," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून प्लास्टिक आणि टेप लावून अख्खी खिडकी मी बंद केली, एक फट ठेवली नाही. तर अकाउंटंटची बायको म्हणते, "तुम्ही कशाला भाभी, तुम्ही बसा." बसा म्हणे! खाली सासूबाई तसबीहचे मणी ओढत वाट बघत होत्या. "काय गो," त्यांनी विचारलं, "आपण जकातीचं दान घेणाऱ्यातले झालो काय?" मी बोटांना चिकटलेली टेप ओढून काढत राहिले.

एका संध्याकाळी मी पीठ मळत होते आणि सायरन झाला. सासूबाईंना ह्यांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. त्या बंद खोलीत श्वास कोंडत होता. बाहेर धडाका झाला, भिंत थरथरली. "आपलं क्षेपणास्त्र लागलं त्याला!" अकाउंटंट ओरडले. अंधारात वहिनीनं माझा हात घट्ट धरला. माझं पीठ तिच्या बोटांना चिकटलं तरी तिनं सोडला नाही. तेव्हा मला वाटलं, झालं गेलं सगळं, आपण उगाच मनाला लावून घेतो.

धोका टळल्याचा भोंगा झाला. दिवे लागले, बिस्किटांचा पुडा फुटला. माझ्या धाकटीनं हात पुढे केला तर थोरलीनं फटकन तिच्या हातावर मारलं. शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "मत ले. हमने पैसा नहीं दिया।"

वहिनीनं अख्खा पुडा धाकटीच्या मांडीवर ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून वरून जेवण यायला लागलं, ते फॉइलच्या खोक्यांतून. "परत करायची भानगड नको गं," वहिनी म्हणाली. मला ओझं नको म्हणून तिनं हे केलं, एवढं कळत होतं मला. ती खोकी मी धुऊन ओट्यावर रचत राहिले. टाकवत नव्हती, परत द्यायची सोय नव्हती.

तिचा स्टीलचा डबा मात्र माझ्याकडेच होता. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यातून मटकीची उसळ आली होती. मूठभर साखर घालून देता आला असता, मला काय कळत नव्हतं? पण एवढं खाल्ल्यावर मूठभर साखर? छे! पगार झाला की नारळाचं दूध आणीन, आंब्याचा डबा आणीन, काठोकाठ सांदणं भरून देईन, असं मी धरून बसले. असला माझा हट्ट.

लढाई संपली. पगार झाला नाही, कामच गेलं. कफीलनं पासपोर्ट आणि तिकिटं हातात ठेवली, म्हणाला, खलास. ट्रंका भरताना वहिनी खाली आली. मुलींनी भांडी भरली होती आणि तिचा डबा उघड्या ट्रंकेत वरच पडलेला होता. तिनं तो पाहिला, आणि तिनं पाहिला हे मी पाहिलं.

"वहिनी, तुझा डबा..." मी म्हटलं.

"राहू दे गं भाभी," ती म्हणाली, आणि मला मिठी मारून रडली. मीही रडले. पण शब्द त्या बैठकीतलेच होते, आणि मी ट्रंकेचं झाकण लावून टाकलं.

त्यानंतर आमची भेट नाही. पत्ता दिला होता तिनं, पण काय लिहायचं? डबा अजून माझ्या फडताळात आहे. आंब्याच्या दिवसांत सांदणं केली की पहिली त्यातच भरते, आणि मग घरातलीच पोरं ती खातात. टीव्हीवर अजूनही दोस्त देश भांडत असतात, क्षेपणास्त्रं अडवायचा खर्च कुणी किती उचलायचा म्हणून. जावई कपाळाला हात लावतो, "हे कसले दोस्त!" मी म्हणते, भांडू देत रे. मागतायत तोवर एकमेकांना बरोबरीचे तरी धरतायत.

मी बाई भांडखोर, हे तुला ठाऊक होतं, वहिनी. कमरेवर हात ठेवून विचारायचं होतंस, "भाभी, माझा डबा कुठाय, आणि सांदणं कुठायत?" मी चार शब्द ऐकवले असते, उसनं नारळाचं दूध आणून रात्रीत सांदणं केली असती. एकदा तरी डबा मागायचा होतास गं वहिनी.