जयवंत धुरीचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या आमच्या भटवाडीत जयवंत धुरीला सगळे ‘बॉक्सर’ म्हणत आणि त्याच्या बायकोला, सुलक्षणाला, ‘बॉक्सरीण’. तिला ते अजिबात आवडत नसे. मला विचाराल तर माणसाने माणसाच्या तोंडावर ठोसे मारावेत आणि वर त्याची तिकिटं विकावीत, हा प्रकार मला कधी पटला नाही. तरी जयवंतची एकही लढत मी चुकवली नाही. धुरींच्या आणि माझ्या खोलीमध्ये फक्त पत्र्याचं पार्टिशन होतं आणि एवढ्या जवळ राहिल्यावर माणूस आपलाच होऊन बसतो.

गिरणी बंद पडल्यावर त्याचे वडील दत्ताराम घरी बसले आणि जयवंत मरोळच्या एका कारखान्यात लागला. तिथल्या गावठाणात पास्कल मास्तर एका शेडमध्ये बॉक्सिंग शिकवायचे. पाळी सुटली की हा तिकडे. तो मिडलवेटचा, म्हणजे वजन साडेबहात्तर किलोच्या वर जाता कामा नये. कोकणी माणसाला भात सोडायला लावणं ही काय शिक्षा असते ते कोकण्यालाच विचारा. सुलक्षणा बांगड्याचं तिखलं करायची, घरचे भुरके मारत जेवायचे आणि हा त्यांच्याकडे पाठ करून काकडी खायचा.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास अंधेरीच्या चंद्रप्रकाश शेठने मैदानात मांडव घालून तिकीट लावून लढती भरवायला सुरुवात केली. तोवर पदकांसाठी खेळणारा जयवंत आता पैसे घेऊन लढू लागला. बहुतेक वेळा जिंकलाही. मांडवात त्याच्या नावाचा पुकारा झाला की दत्ताराम ताठ उभे राहत. गिरणी सुटल्यापासून खाली मान घालून चालणारा हा माणूस पोराच्या जिवावर पुन्हा वर बघायला लागला होता.

प्रत्येक लढतीच्या सकाळी धुरींच्या खोलीत गाऱ्हाणं असायचं. देवापुढे विडा, नारळ ठेवायचा, घरातल्या कर्त्याने मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा, अशी ही आमची कोकणातली रीत. दत्ताराम डोळे मिटून खणखणीत आवाजात सुरू करत, “बा देवा रवळनाथा, ह्या तुझा लेकरू आज रिंगणात उतारता. तेका यश दी, समोरच्याचो हात आखूड कर रे म्हाराजा!” आणि खोलीत, दारात, गॅलरीत उभे असलेले आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, “व्हय म्हाराजा!” खरं सांगायचं तर ते काय मागतात याकडे कोणाचंच लक्ष नसे. आवाज थांबला की ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, एवढंच ठाऊक.

सत्त्याऐंशीत मुलुंडच्या लढतीत जयवंतला उजव्या डोळ्यावर ठोसा बसला. लढत त्याने जिंकली, पण त्यानंतर त्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचायला लागले आणि एका कडेने पडदा ओढल्यासारखं अंधारून यायचं. तो गुपचूप डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी सांगितलं, लगेच ऑपरेशन करून घे, आणखी एक ठोसा बसला तर हा डोळा कायमचा गेला. तो घरी आला आणि गप्प बसला. चंद्रप्रकाशने पुढची मोठी लढत जाहीर केली होती. पोस्टर भटवाडीच्या प्रत्येक भिंतीवर लागलं होतं आणि दत्ताराम रोज संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडून ते पोस्टर बघून येत. या माणसाला कसं सांगायचं? मिडलवेटचा गडी घाबरला, हे वाडीला कसं सांगायचं? जयवंत आतल्या आत कुढत होता आणि आम्ही त्याची पाठ थोपटत होतो.

लढतीचा रविवार आला. आदल्या रात्री डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचं भजन होतं. समोरच्या बुवाला हरवायच्या नादात दत्तारामांनी घसा पार बसवून घेतला होता. सकाळी देवापुढे उभे राहिले तर तोंडातून नुसती हवा. त्यांनी खूण करून जयवंतला पुढे केलं. आता घरातला कर्ता तूच, घाल गाऱ्हाणं.

जयवंतने हात जोडले. देवासमोर उभं राहून यश दे म्हणायचं त्याच्या जिवावर आलं असणार. मग तो बापासारखाच सूर लावून म्हणाला, “बा देवा रवळनाथा, माझ्या उजव्या डोळ्याक दिसणा नाय. आणखी एक ठोसो बसलो तर डोळो जातलो. माका भय वाटता. ह्या फायटीतसून माका सोडव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे दणक्यात ओरडलो.

आणि मग आम्ही काय कबूल केलं ते आमच्या ध्यानात आलं. गॅलरीतल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. सगळे दत्तारामांकडे बघायला लागले. ते पोराजवळ गेले, त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि त्या डोळ्यात बघत राहिले. मग बसलेल्या घशाने कसंबसं म्हणाले, “देवाक सांगलंस मा? झाला तर.”

चंद्रप्रकाश धावत आला. चिडला, हातापाया पडला आणि शेवटी विचारता झाला की दुसरं गाऱ्हाणं घालून पहिलं रद्द नाही का करता येत. दत्तारामांनी त्याला खुणेनेच दार दाखवलं. पास्कल मास्तरांनी मात्र जयवंतला एक शिवी हासडली, डोळ्याचं लपवलंस म्हणून, आणि मग घट्ट मिठी मारली. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. डोळा पूर्वीसारखा झाला नाही, पण राहिला. मला तर त्या सकाळीच इतकं हलकं वाटलं की मी मांडवाची तिकिटं फाडून टाकली.

त्या रविवारी दुपारी सगळे पांगल्यावर पार्टिशनपलीकडे ताटं मांडल्याचा आवाज आला. सुलक्षणाने भात वाढला असावा. जयवंतने तिला विचारलं, तुला कधी कळलं?

“मुलुंडहून आल्यापासून तुम्ही मला रस्त्याने सारखं डाव्या बाजूला घेता. मला काय कळत नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“मी थांबवलं असतं तर तुम्ही थांबला असता,” ती म्हणाली, “आणि जन्मभर मला बोल लावला असतात.”

जयवंतने आणखी भात मागितला.