डेझर्टचा रिकामा रकाना

चार मराठी घरं एका गावात काही वर्षं राहिली की किस्से आपोआप साठतात, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातल्या डब्यांसारखे. कुणी ठेवले, कधी ठेवले आठवत नाही, आणि टाकवतही नाहीत. आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ग्रुपचे किस्से मात्र सगळे एकाच डेझर्टचे आहेत. मी सांगायला लागले की लोक पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? त्या तीन उन्हाळ्यांत मी जेवढी घाबरले, तेवढी आयुष्यात कधी घाबरले नाही.

आमचे सगळ्यांचे नवरे वर्क व्हिसावर होते. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की बॅगा भरा! मला तर इथे काम करायची परवानगीच नव्हती. त्यात २००१ मध्ये लेऑफ सुरू झाले. सोमवारी सकाळी मिलिंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ऑफिसमधून फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नसे.

* * *

डेझर्ट आणलं शलाकाने. ती पुण्याची, आमच्या समोरच्याच अपार्टमेंटमध्ये राहायची. आमच्यापैकी एकीलाही ओव्हन चालवता येत नव्हता. सगळ्यांच्या ओव्हनमध्ये कढया, तवे आणि कुकर कोंबलेले! त्यामुळे काहीही न भाजता गोड पदार्थ होतो म्हटल्यावर आम्ही कान टवकारले.

"काही नाही गं, वृंदा. विकतच्या केकचे तुकडे, त्यावर स्ट्रॉबेरी, मग व्हिप्ड क्रीम, मग ब्लूबेरी. थरावर थर लावायचे आणि रात्रभर फ्रीजमध्ये ढकलायचं."

२००१ च्या उन्हाळी पिकनिकला तिने मोठ्या काचेच्या बाउलमध्ये ते आणलं. तळ्याकाठी, झाडाखाली, त्या बाउलच्या बाहेरून लाल, पांढरे, निळे थर दिसत होते. दहा मिनिटांत बाउल साफ! तिचा नवरा समीर छाती फुगवून फिरत होता.

सोमवारी समीरची नोकरी गेली.

महिनाभरात त्यांनी गाडी विकली, सोफा वाटून टाकला. निघताना शलाकाने बाउल माझ्या हातात दिला. "तू ठेव. विमानात फुटेल." मी तो घेतला, कपाटात अगदी वर ठेवला. तेव्हा मनात काही आलं नव्हतं. शपथेवर सांगते.

* * *

पुढचा उन्हाळा, चार जुलै. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा तो पहिला चार जुलै. बाहेर आम्ही सगळेच जरा हळू आवाजात मराठी बोलायचो. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पूलजवळ पॉटलक होता, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, आणि अमेरिकन शेजारीही येणार होते. मुंबईच्या अश्विनीने ठरवलं, आपण चांगले लोक आहोत हे दिसलं पाहिजे! तिने तेच डेझर्ट मोठ्या ट्रेमध्ये लावलं आणि वर स्ट्रॉबेरीचे पट्टे, कोपऱ्यात ब्लूबेरी आणि क्रीमचे तारे काढून चक्क अमेरिकेचा झेंडा केला.

सगळे वा वा म्हणाले. मग अश्विनीने सुरी पुढे केली, आणि तिच्या नवऱ्याचा, नितीनचा चेहरा उतरला.

"झेंड्याला सुरी लावायची?"

आम्ही सगळे शाळेत झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही हे शिकलेले. इथे तर तो कापून खायचा होता! तोही परक्या देशाचा, त्या देशाच्या लोकांसमोर.

"माझी ग्रीन कार्डची फाइल आत आहे यार," नितीन पुटपुटला. "मी नाही कापणार. मिलिंद, तू काप."

"मी का? माझी पण आतच आहे!"

सुरी पाच जणांच्या हातांतून फिरून परत अश्विनीकडे आली. क्रीम वितळायला लागलं. तारे ओघळून पट्ट्यांवर उतरले. आम्ही हात बांधून ट्रेभोवती गोल उभे. शेवटी शेजारची लिंडा आली, आमच्याकडे बघितलं, झेंड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आर यू गाइज गोइंग टू ईट इट, ऑर सॅल्यूट इट?"

आणि मोठा चमचा घालून तिने तारेच्या तारे उचलले!

नऊ दिवसांनी नितीनचा लेऑफ झाला. अश्विनी रडत रडत मला फोनवर म्हणाली, "मी सांगत होते ना, तारे आधी नको होते!"

* * *

नितीनला तीन महिन्यांनी दुसरी नोकरी लागली, पण डेझर्टचं नाव खराब झालं ते झालंच. उघडपणे कुणी काही बोलेना. सगळे इंजिनिअर ना! पण त्यानंतरच्या पिकनिकला कोण काय आणणार याचं साइन-अप शीट ईमेलवर फिरलं, तर डेझर्टचा रकाना कोरा. नऊ घरांतून सात पुलाव आणि दोन कोशिंबिरी आल्या. मुलं गोड मागायला लागली, तेव्हा नितीनने त्यांना खोकल्याच्या गोळ्या वाटल्या.

* * *

२००३ चा जून. एका सोमवारी मिलिंद घरी आला आणि त्याने आमच्या ग्रुपचा सगळ्यात गाजलेला किस्सा सांगितला.

त्याचा मॅनेजर ग्रेग. शुक्रवारी त्याने ऑफिसमध्ये बायकोच्या हातचं डेझर्ट आणलं. तेच! थर, बेरी, क्रीम, सगळं तेच. अख्खी टीम तुटून पडली. "मी प्लेट घेतली, नजर चुकवली आणि प्रिंटरच्या मागे ठेवून आलो," मिलिंद म्हणाला. "आज दहा वाजता ग्रेगला बाहेर काढलं!"

"आणि तू?"

"मी खाल्लं कुठे? मी वाचलो!"

त्या शनिवारी नितीनकडे त्याने हा किस्सा पुन्हा सांगितला, प्रिंटरच्या मागे वाकून दाखवलं. लोक हसून हसून लोळले. मीही हसले, आणि मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

* * *

जुलैच्या पिकनिकचं शीट आलं. डेझर्टच्या रकान्यात माझं नाव! मी लिहिलं नव्हतं.

"मीच टाकलं," मिलिंद म्हणाला.

"वेड लागलंय का तुला?"

"अगं, इतकी शिकलेली तू, स्ट्रॉबेरीला काय घाबरतेस? बाउल आहे ना आपल्याकडे?"

मी भांडले, रुसले, शेवटी रडले. तो ऐकेना. एरवी माझा शब्द खाली न पडू देणारा माणूस, या एका गोष्टीवर अडून बसला. शुक्रवारी संध्याकाळी स्वतः स्ट्रॉबेरी चिरायला बसला. एकेक स्ट्रॉबेरी अगदी पातळ.

थर लावून झाले आणि माझा धीर सुटला. मी मीठमोहरी मुठीत घेतली आणि बाउलची दृष्ट काढली. हो, डेझर्टची! मीठमोहरी तापल्या तव्यावर टाकली मात्र, धूर झाला आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. आमची पाच वर्षांची सई कानांवर हात ठेवून धावत आली.

"आई, इट्स नॉट ईव्हन अ बेक्ड वन!"

* * *

पिकनिकला सगळ्यांनी माझ्याकडे बघत बघत चमचाभर घेतलं. अश्विनीने माझा हात दाबला.

मंगळवारी दुपारी दोनला दार वाजलं. मिलिंद. हातात पुठ्ठ्याचा खोका. त्यात कॉफीचा मग, सईचा फोटो, कॅल्क्युलेटर.

"गेली," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. माझ्या हातांनी केलं मी हे, एवढंच डोक्यात येत होतं. मी बाउल फोडायला उचलला, तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. "त्याचा काय दोष?" म्हणाला. धुतला, पुसला, वर ठेवला. मी म्हटलं, "माझा आहे." तो खोका उचलून आतल्या खोलीत गेला.

सहा आठवड्यांनी त्याला सनीव्हेलमध्ये नोकरी मिळाली. ते सहा आठवडे मी बॅगा उघड्याच ठेवल्या होत्या. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. "तू तरी काय करणार?" असं म्हणत! म्हणजे केलं मीच, हे सगळ्यांना मान्य होतं. त्यानंतर वर्षभर मी घरात स्ट्रॉबेरी आणली नाही.

* * *

पुढच्या जूनमधली गोष्ट. शनिवारचा बाजार भरला होता. सई स्ट्रॉबेरीच्या टेबलासमोर हटून बसली होती आणि मी तिला ओढत होते. तेवढ्यात मागून हाक आली. ग्रेग! त्याने मला ऑफिसच्या पार्टीत पाहिलं होतं.

"मिलिंड कसा आहे? फार चांगला माणूस. त्या सोमवारी आमची अख्खी टीम एकदम गेली, आठच्या आठ जण. मी तर सुन्न झालो होतो. त्याने आपला खोका गाडीत ठेवला आणि परत येऊन माझा उचलला."

मी विचारलं, "कुठल्या सोमवारी?"

"गेल्या वर्षी, जूनमधल्या. आदल्या शुक्रवारी माझ्या बायकोचं ते बेरी डेझर्ट नव्हतं का आणलं?" ग्रेग हसला. "मिलिंडला काय आवडलं होतं! ही हॅड इट ट्वाइस!"

म्हणजे जुलैत त्या मंगळवारी घरी आलेला खोका महिनाभर गाडीतच होता. मी सईला स्ट्रॉबेरी घेऊन दिल्या.

त्याच आठवड्यात पिकनिकचं शीट आलं. डेझर्टचा रकाना रिकामा होता. मी त्यात नाव टाकलं, मिलिंद.

संध्याकाळी त्याने कॉम्प्युटरवर ते शीट उघडलं. मग उठला, खुर्चीवर चढून बाउल खाली काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "स्ट्रॉबेरी किती आणू?"

"जास्तच आण," मी म्हटलं. "तू दोनदा घेतोस ना."