पाणी झोपवायचे दिवस

लग्न होऊन मी निघाले त्या सकाळी नेमकी लाईट आली होती. अंगण माणसांनी भरलेलं, बॅगा गाडीवर बांधलेल्या, आणि आबा, म्हणजे माझे वडील, केळीच्या बागेत मोटार सुरू करायला गेलेले. "लाईट आली का या माणसाला लेकही दिसत नाही," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली. गाडी रावेरच्या रस्त्याला लागायच्या आत आबा बांधावरून भराभर आले. तसाच ओला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "आता तेच तुझं घर. इकडचा घोर नको करजो." जळगाव येईपर्यंत माझा भांग ओलसर होता. गाडीची काच मी मुद्दामच खाली केली नाही.

त्याला एकोणीस वर्षं झाली. आता मी अमेरिकेच्या अशा भागात राहते जिथे चार महिने बर्फ असतो, आणि आमच्या घरामागे पोहायचा तलाव आहे. हे ऐकून गावात काय काय बोललं गेलं ते मला ठाऊक आहे. पण खरं सांगते, तलाव आम्ही मागितला नव्हता, तो घराबरोबर आला. ह्यांना पोहता येत नाही, मी पाण्यात पाय सोडून बसण्यापलीकडे जात नाही. मला आवडला तो त्याचा पंप. उन्हाळ्याच्या दुपारी तो घुमायला लागला की मी खिडकी उघडी टाकून आडवी होते आणि अर्ध्या झोपेत थेट बागेत जाते. केळीची पानं एकमेकांना घासत असतात, सरीतून पाणी चाललेलं असतं, आई डबा घेऊन येत असते. डोळे उघडले की समोर मेपलचं झाड. मग थोडा वेळ मी कुठली, हेच मला कळत नाही.

दिवाळीच्या सुमारास मी पाणी झोपवते. हा शब्द माझा, इथले लोक पूल बंद केला म्हणतात. पाणी थोडं उतरवायचं, नळ्यांमध्ये हवा फुंकून त्या कोरड्या करायच्या, पंपाची खालची दोन बुचं काढून तो थेंबन् थेंब रिकामा करायचा आणि तलावावर हिरवी ताडपत्री ओढायची. मग बर्फ पडतो आणि कुठे तलाव, कुठे अंगण, काही समजत नाही. सगळं पांढरं आणि मुकं होतं. पण खाली पाणी आहे हे मला माहीत असतं, आणि का कोण जाणे, त्याने बरं वाटतं.

आई गेली आणि आबा एकटे पडले. मी एकुलती. तीन वर्षं मागे लागून त्यांना गेल्या दिवाळीनंतर आणलं आणि मनात पक्कं केलं, आता परत पाठवायचं नाही. पण आबा जुन्या वळणाचे, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा फुकट पिऊ नये असं मानणारे. चहा दिला तर प्यायचे, मागायचे नाहीत. सोफ्याच्या कडेला बसायचे, आत्ता एसटी येणार आहे तसे. बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा माणूस माझ्या घरात कुजबुजायला लागला होता. मला ते बघवायचं नाही.

जानेवारीत एक दिवस ऊन पडलं. मी कामावर गेले होते. आबांनी मागे जाऊन पंपाचं झाकण उघडलं तर आत ठणठणाट, आणि आतल्या जाळीत दोन बुचं काढून ठेवलेली. पंप कोरडा ठेवू नये, हवा धरतो, हे त्यांनी जन्मभर गड्यांना आणि मला बजावलेलं. त्यांनी बुचं बसवली, स्वयंपाकघरातून बादलीने पाणी नेऊन पंप गळ्यापर्यंत भरला आणि झाकण आवळलं. त्या संध्याकाळी ते दोन पोळ्या जास्त जेवले. मी खूश झाले, कारण मात्र विचारलं नाही. आठवड्याने मागे गेले तेव्हा पंप उभा चिरला होता आणि फटीतून बर्फ बाहेर आला होता.

माझ्या जिभेला हाड नाही, आई नेहमी म्हणायची. "आबा, न विचारता कशाला हात लावायचा? हे काय रावेर आहे?"

आबांनी खाली पाहिलं. "माझी चूक झाली," म्हणाले. आमच्या बोलीत नाही. तालुक्याच्या साहेबाशी बोलतात तशा स्वच्छ मराठीत. रात्री जेवताना त्यांनी ह्यांना विचारलं, तिकीट कधीचं मिळेल.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ऊब आली, बर्फ वितळला आणि ताडपत्रीवर पाणी साचून ती मधोमध लोंबायला लागली. मी घरातल्या सपाता घालून तशीच तरातरा बाहेर गेले आणि काठावर ओणवी होऊन झाडूने कुजकी पानं ओढायला लागले. पाय सटकला. एक पाय गुडघ्यापर्यंत बर्फाळ पाण्यात, आणि तेवढ्यात दंडाला हिसका बसला.

"गधडे, मराले निघाली का? डोक्याले फडकं नाही, पायात धड चप्पल नाही. कोनं सांगलं व्हतं तुले एकटीनं इथं याले?"

शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बघत राहिले. आबा मला ओरडतच घरात घेऊन आले. पाय पुसायला माझी चांगली शाल ओढली. मग स्वयंपाकघरात एकेक कपाट उघडून आपटत, "सुंठ कुठं ठेवते तू, या घरात काही ठिकान्यावर नाही," म्हणत त्यांनी चहा टाकला. मी रडत होते आणि मला इतका आनंद झाला होता की पाय बधिर झालाय हेही विसरले. माझ्या घरात त्यांनी पहिल्यांदा डबे उघडले होते.

तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही. वसंतात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी एकोणीस वर्षांत आखाजीला एकदाही गेलेले नाही. तिकडे राहिलेल्या माझ्या चुलत-मावस बहिणींनो, तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही नेहमीचंच विचारलंत, आखाजीला घरी कधी येशील गं. आबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आखाजीले लेक बापाच्या घरी पाहिजे न," ते म्हणाले. "मंग आहे न ती."