डावं मडगार्ड दादारावांचं

आमच्या गॅरेजात सुटा पार्ट शोधून सापडत नाही आणि किस्से न शोधता पायात येतात. आदिलाबादेत डेंटिंग-पेंटिंगचा धंदा करायचा म्हणजे हातोडीपेक्षा कान जास्त चालतात. गाडी रंगून निघून जाते, तिची गोष्ट इथंच राहते. एका जुन्या अँबेसिडरच्या गोष्टी तर इतक्या झाल्या, की आता समोरचा चहावालाही त्या गिऱ्हाइकांना सांगतो. आणि साफ चुकीच्या सांगतो! म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकाव्यात.

*

गाडी आली ती ट्रॅक्टरच्या मागं, दोरानं बांधून. सोबत भीमपूरकडचे दोन म्हातारे भाऊ. थोरले दादाराव, धाकटे माधवराव. बॅटरी उतरलेली, आणि पुढचं डावं मडगार्ड गंजलं होतं.

आमचे डेंटर करीमचाचा आधी पत्र्यावर लोहचुंबक लावून बघतात. खड्डे-भोकं बुजवायला भरलेली पुट्टी जाड असली की ते धरत नाही. इथं तर सरळ खाली पडलं! चाचांनी नुसतं बोटानं दाबलं, तर पुट्टीचा मोठा पोपडा निघाला आणि भोकातून ओला, काळा पडलेला कापूस बाहेर आला.

"हे काय?" मी विचारलं.

"भोक पडलं होतं, कोंबला," दादाराव म्हणाले. "घरचा हाय. एक नंबर कापूस!"

त्या एक नंबर कापसानं पावसाळ्यामागून पावसाळे पाणी धरून ठेवलं होतं. पत्रा आतून पार खाल्ला होता. चाचांनी कपाळाला हात लावला. "अहो, गाडी होती का गादी?"

*

मी माधवरावांना म्हटलं, "मडगार्ड बदलावं लागेल."

"डावी बाजू त्यांची हाय. त्यांले इचारा."

"अहो, ते तुमच्या शेजारीच उभे आहेत!"

"मंग इचारा ना तुमी."

मी वैतागलो. मग उलगडा झाला. वाटणीत वावर वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, बैल वाटले. वडिलांची गाडी काही वाटता येईना. पंचांनी डोकं लावलं: डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची! स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून चालवणार माधवराव, शेजारी बसणार दादाराव.

वाटणी झाली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घरं भिंतीला भिंत लावून, दारं वेगळी, लग्नात पंगतीसुद्धा वेगळ्या. पण बाजाराच्या दिवशी आदिलाबादला यायचं ते याच गाडीत, एकमेकांशेजारी बसून. दादाराव काचेकडं बघून म्हणायचे, "समोर म्हैस हाय वाटते." माधवराव ब्रेक दाबायचे. झाला संवाद!

*

ट्रॅक्टर चालवत आलेल्या माधवरावांच्या मुलानं मला बाजूला घेतलं. "काका, मडगार्ड नाई भेटलं तर इथूनच भंगारात देऊन टाका. घरी नवी गाडी हाय."

पोरगा वाईट नाही. पण नव्या गाडीत वाटणी नव्हती, तिच्यात दादाराव कशाला बसतील? ही अँबेसिडर गेली की हे दोघं या जन्मात पुन्हा एका ठिकाणी बसणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मडगार्ड शोधत मंचेरियलला गेलो. तिथला भंगारवाला म्हणाला, "राइट का है, ले जाओ! एकदम नया!"

"अरे बाबा, लेफ्ट चाहिए!"

"तो आप राइट का बदल डालो ना!" म्हणे. धन्य तो माणूस.

*

शेवटी उटनूरजवळ एका अंगणात तसलीच गाडी उभी असल्याचं कळलं. दादारावांना घेऊन गेलो. डावं मडगार्ड एकदम ठणठणीत. फक्त त्याच्या आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती!

घरधनीण म्हणाली, "न्या खुशाल. पण पिल्लं निघाल्यावर."

मला वाटलं दादाराव चिडतील. ते खाली वाकून कोंबडीकडं बघत म्हणाले, "बसू द्या तिले."

मग रोज त्यांचा फोन. गाडीचं नाव नाही. "कोंबडी कशी हाय?" आणि तो ठेवला, की थोड्या वेळानं माधवरावांचा. "त्यांचा फोन आलता काय? काय म्हणते कोंबडी?"

आयुष्यात मी पहिल्यांदाच कोंबडीच्या तब्येतीची चौकशी करत होतो, तीही दोन पार्ट्यांसाठी.

*

पिल्लं निघाली, मडगार्ड आलं, ठोकून सरळ केलं, प्रायमर मारला. रंगाची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "अख्खी गाडी रंगवू, नाहीतर हे एकटंच चमकेल."

"माही बाजू बरी हाय," माधवराव म्हणाले. "तिले हात लावू नका."

"मग बॉनेटच्या मधोमध काय कुंपण घालू?" मी ओरडलोच. गिऱ्हाईक असलं म्हणून काय झालं!

रंग वाळल्यावर मात्र माधवराव एकटेच आले, मडगार्डाभोवती फिरले, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यावरची धूळ पुसत बसले.

"चांगली झाली त्यांची बाजू," म्हणाले आणि निघून गेले.

*

गाडी न्यायचा दिवस. बॉनेट आणि मडगार्डमधली फट चाचा रिकाम्या गाडीवर कधीच पक्की करत नाहीत. "रोज बसणारी माणसं आत बसवा, मग बोल्ट आवळतो," हा त्यांचा कायदा. तेव्हा दोघं भाऊ आपापल्या जागी बसले. दारं लागली. चाचा पाना घेऊन वाकले. मुलगा बाहेर मोबाइल बघत उभा.

"झालं!" चाचा म्हणाले. "घेऊन जा आता."

किल्ली लावलेली, समोर रस्ता मोकळा. माधवरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. पण गाडी काही सुरू होईना. मला धसका बसला, आता इंजिननं दगा दिला की काय!

"बाबा, चला ना," मुलगा म्हणाला.

तेव्हा दादारावांनी मान वळवली. काचेकडं नाही, भावाकडं.

"मादव, काऊन बसून राह्यला? सुरू कर ना."

चाचांच्या हातातला पाना हातातच राहिला.

माधवराव समोर बघत म्हणाले, "सुरू केली की घर येते, दादा."