अकरा गुणांचा तांडेल

अंकगणितात शंभरपैकी अकरा गुण मिळवणाऱ्या माणसाची बुद्धी किती, असे कोणी विचारले तर काय सांगावे? यूनुस होडेकरच्या बाबतीत हा प्रश्न प्रस्तुत लेखकापुढे अनेकदा आला. त्याचे उत्तर सापडले नाही. सापडली ती एक हकिगत.

यूनुस रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा. सातवीच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला आणि दोन्ही वेळा अंकगणितानेच त्याला बुडवले. १९५३ साली तो कुवेतला आला, तेव्हा मोठ्या बोटी किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत आणि त्यांच्यावरचा माल पडावांतून धक्क्यावर येई. एका कंपनीत त्याला पडावावरच्या तांडेलाची हंगामी जागा मिळाली. भरलेला पडाव उथळ पाण्यातून कोणत्या वेळी आणायचा, हे तांडेल ठरवी.

दोन वर्षांनी त्या जागा कायम करायचे ठरले. कायम झालेल्यालाच कुटुंब आणण्याचा परवाना मिळणार होता. गावी त्याची बायको फखरुन्निसा होती आणि मुलगी बिल्कीस होती. बापाला तिने पाहिले होते ते पाळण्यातून, म्हणजे न पाहिल्यासारखेच. कंपनीने शाळेचा दाखला मागितला. यूनुसने घरी लिहिले, आणि फखरुन्निसाने जो कागद घरात होता तोच पाठवला: गुणपत्रिका.

कोकणातल्या मंडळींच्या खानावळीत सिराजने ती वाचली. तो यूनुसचा मावसभाऊ, एका कचेरीतला कारकून.

"अकरा! अरे, इतके तर परीक्षक नुसत्या नावावर देतो," सिराज म्हणाला. "हा कागद फाड. हरवला म्हणून सांग. दुसरा मी करून देतो, त्रेसष्ट गुणांचा."

"त्रेसष्टच का?"

"साठ दिले तर संशय येईल."

सगळे हसले. यूनुसही हसला, पण त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "खोटा कागद साहेब मानेल रे. आणि कधी उघडा पडला तर? बायकोपोरीला इथे आणून परत पाठवू?"

दुसऱ्या दिवशी पडाव-विभागाच्या नव्या अधिकाऱ्याने, वेब साहेबाने, त्याला बोलावले. साहेबाने मुंबई बंदरात नोकरी केलेली होती. त्याला कामापुरती हिंदुस्थानी येई. गुणपत्रिका पाहून त्याने भागाकाराची पाच उदाहरणे पुढे टाकली. अर्ध्या तासाने त्यांतले एकच बरोबर निघाले.

"तुला भागाकार येत नाही," साहेब म्हणाला.

"नाही, साब."

"मग पडावाची वेळ कशी काढतोस? आजवर कधी चुकली नाही?"

इथे नाही म्हणता आले असते. साहेब नवा होता आणि पूर्वीची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. यूनुसच्या डोळ्यांपुढे गावातला धक्का आणि तिथे उभ्या असलेल्या दोघी आल्या.

"चुकली, साब. पहिल्याच महिन्यात. सिमेंटचा भरलेला पडाव चिखलात रुतला. सहा तास."

"कारण?"

यूनुसने सांगायला सुरुवात केली. त्याच्या किनाऱ्यावर चंद्राच्या तारखेची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चौथ्या चंद्राला तीन वाजता, आठव्याला सहा वाजता. तोच हिशेब त्याने इथे लावला आणि तारीख घेतली खानावळीतल्या मुंबईच्या कॅलेंडरवरून. पाणी सव्वादोन तास आधीच भरून ओसरू लागले होते. पुढे महिनाभर तो सव्वादोन तास वजा करत राहिला आणि सगळे ठीक चालले. मात्र पुढचा महिना लागताच तेही चुकू लागले. आता पूर्ण तीन तास वजा करावे लागत.

"म्हणजे पाणी बदलले?" साहेबाने विचारले.

"मीही आधी तेच समजलो, साब. पण पाणी असे एकाएकी कशाला बदलेल? मग मला ईद आठवली. त्या महिन्यात इथली ईद आमच्या कॅलेंडरच्या एक दिवस आधी झाली होती. कॅलेंडर एक दिवस मागे होते. पुढच्या महिन्यात दोन्हीकडचा चंद्र एकाच दिवशी धरला गेला. एका दिवसाचा फरक म्हणजे पाऊण तास. म्हणून पहिल्या महिन्यात माझ्या चुका दोन होत्या. समुद्राची तीन तासांची आणि कॅलेंडरची पाऊण तासाची, उलट बाजूची. एका चुकीने दुसरी झाकली होती."

साहेबाने पेन्सिल घेऊन कागदावर काहीतरी मांडले, खोडले, पुन्हा मांडले. यूनुस उभाच होता. बाहेर कोणीतरी अरबीत ओरडून दोर सोडायला सांगत होते.

"हे कोणी शिकवले?"

"कोणी नाही. पडाव रुतल्यावर सगळे खलाशी दोन महिने हसत होते, साब. हसणे थांबवायचे होते."

साहेब पहिल्यांदा हसला. मग त्याने अर्जावर दोन ओळी लिहिल्या. पहिली अशी होती: लेखी अंकगणितात अनुत्तीर्ण. दुसरी: तांडेलपदी कायम करावे. दोन्ही ओळींखाली एकच सही होती.

यूनुस बाहेर आला आणि धक्क्यावरच्या दोरांच्या वेटोळ्यावर बसला. बऱ्याच दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला. सिराज तिथे वाट पाहत होता.

"काय झाले? काढला?"

"ठेवला."

"आणि गुण?"

"तेही ठेवले. फाइलीत."

सिराजने कपाळावर हात मारला. "म्हणजे माझे त्रेसष्ट फुकटच गेले!"

१९५६च्या हिवाळ्यात फखरुन्निसा आणि बिल्कीस मुंबईहून बोटीने आल्या. त्या दिवशी बोटीवरच्या उतारूंना किनाऱ्यावर आणणाऱ्या पडावाची वेळ यूनुसनेच ठरवली होती. तो तासभर आधी येऊन उभा होता. भागाकार मात्र त्याला कधीच आला नाही; बिल्कीसच्या वहीतली उदाहरणे तो सिराजकडे पाठवत असे आणि त्याची त्याला लाज वाटत नसे.

त्याची बुद्धी त्या अकरा गुणांत मावत नव्हती, हे उघड आहे. तरीही ते अकरा गुण खोटे नव्हते. परीक्षकाने जे विचारले ते यूनुसला खरोखरच येत नव्हते.

१९६७च्या मार्चमध्ये यूनुस होडेकर निवृत्त झाला. त्याच्या जागी नेमलेला रफीक नावाचा नवा तांडेल मॅट्रिक उत्तीर्ण होता; कंपनीने या वेळीही आधी शाळेचा दाखलाच मागितला होता.